माझ्याकडे आहे

१२ नोव्हेंबर
सिमेंट कारखान्याचं अतिथिगृह, दुपार

पासंग्या,

आज सकाळी अंघोळ करून, रोजचं देवाचं नाव घेऊन, चहा यायच्या आत मी कारखान्याच्या फाटकावर गेलो आणि ट्रकच्या काट्यावर उभा राहिलो. पडद्यावर साठ आलं. मी साठ किलोंचा नाही हे तुला माहीत आहे, पण तो काटा वीस-वीसने चढतो, मधलं त्याला दिसत नाही. एवढ्या मोठ्या काट्यांना एकटा माणूस नीट मोजता येत नाही. तरी मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, बाबांनी लावलेल्या सवयीने हात मागे बांधून. काम सुरू करायला हवं होतं, पण अलीकडे कुठल्याही कामाआधी मला असं थांबावं लागतं. दम लागतो असं नाही. नुसतं थांबावंसं वाटतं.

मग काट्यावरचा कारकून आला. त्याने प्रमाण वजनांचा दाखला मागितला. माझ्याजवळचा जुना होता, मुदत संपलेला. नवा वजनमापांच्या ऑफिसने मेलने पाठवला होता.

"मग मेल उघडा की," तो म्हणाला.

"मेल घरी आहे. कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम आहे, त्यात येते."

"मग घर घेऊन यायचं होतं सोबत." असं म्हणून त्याने स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "हे घ्या, ब्राउझरमधून उघडा. पासवर्ड आठवतोय ना?"

आठवत होता. बाबांच्या पहिल्या तराजूच्या दांडीवर ठोकलेला आकडा. तूच ठेवला होतास. मी तो टाकला तेव्हा मला वाटलं, लागणार नाही. इतक्या काळात तू बदलला असशील. पण लागला. आपलं बोलणं तुटलं तरी पासवर्ड तू बदलला नाहीस आणि मीही नाही, हे मला आज तिथे बसल्यावर समजलं.

पेटी उघडली. आत काही नव्हतं. एक ओळसुद्धा नाही.

ऑफिसला फोन केला. ते म्हणाले, काल संध्याकाळीच पाठवलाय. कारकून हसला. "पाठवला म्हणतात आणि पाठवत नाहीत. सगळीकडे हीच बोंब." आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. ऑफिसातल्या त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तो मला लबाड दिसायला लागला. एरवी बिचारा साधा माणूस आहे.

शेवटी घरी फोन केला. तुझी वहिनी म्हणाली, "दाखला ना? आलाय की. सकाळी कॉम्प्युटर लावला तेव्हाच आला. माझ्याकडे आहे."

मी फोन टेबलावर ठेवला. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली.

माझ्याकडे आहे. तुला मी अगदी हेच म्हणालो होतो.

तुला जे आठवतं ते वेगळं असेल, म्हणून माझं लिहितो. आपण वाटणी केली तेव्हा दुकान मला आलं, बाहेरगावची कामं तुला. हत्यारं वाटली, वजनांच्या पेट्या वाटल्या. मेलचा पत्ता तेवढा राहिला, कारण आपण दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्यावर तोच चिकटवलेला होता. "पत्ता काय मधून कापायचा?" असं तूच म्हणालास आणि आपण दोघं हसलो. ते बहुधा आपलं शेवटचं एकत्र हसणं. मग तू गेलास आणि ब्राउझरमधून बघायला लागलास. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघत राहिलो. नंतर दुकान आटलं, तेव्हा तो कॉम्प्युटर घरी आणला. तू एकदा फोनवर विचारलंस, "दादा, रोज सकाळी पेटीची झाडलोट करतोस काय? काल दिसलेलं आज दिसत नाही." मी म्हणालो, "हो, सकाळी सकाळी." मला वाटलं, थट्टा करतोयस.

मग डेअरीचं काम. त्यांच्या सगळ्या केंद्रांवरचे काटे सांभाळायचं. त्या भरवशावर तू तिकडे बिऱ्हाड केलं होतंस. त्यांची मेल आपल्या पत्त्यावर आली, उत्तराची मुदत गेली आणि काम दुसऱ्याला मिळालं. ते तुला म्हणाले, आम्ही तर कळवलं होतं. तू पेटी उघडून पाहिलीस तर रिकामी. तू मला फोन केलास. "डेअरीची मेल तू पुसलीस का?"

आणि मी म्हणालो, "पुसू कशाला? माझ्याकडे आहे ना."

तू "असं होय" म्हणालास आणि फोन ठेवलास.

मला वाटत होतं, जे मला दिसतं ते तुलाही दिसतं. आज कारकुनाने सांगितलं की आमच्यासारख्यांच्या जुन्या प्रोग्रॅमची रीतच तशी असते. मेल सर्व्हरवरून उचलायची, घरच्या यंत्रात उतरवायची, आणि मागे काही ठेवायचं नाही. म्हणजे मी सकाळी कॉम्प्युटर लावायचो आणि आपली पेटी रिकामी व्हायची. मी काही पुसलं नव्हतं. तुला मात्र पुसलेलंच दिसत होतं.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी बोलण्यानेच बिघडलं होतं, म्हणून लिहितो. तुझा नवा पत्ता माझ्याकडे नाही. आपल्या पत्त्यावरून आपल्याच पत्त्यावर पाठवतोय.

दादा


१३ नोव्हेंबर
अतिथिगृह, सकाळ

पासंग्या,

कालचं पत्र तुला मिळालेलं नाही. ते तुझ्या वहिनीला मिळालं.

आज नाश्त्याला बसलो होतो तेव्हा तिचा फोन आला. "अहो, साठ किलो वगैरे कशाला लिहायचं भावोजींना? काळजी करतील."

"तू वाचलंस?"

"माझ्यासमोर येऊन पडलं. मला वाटलं मलाच लिहिलंय. म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला. इतक्या वर्षांत मला एवढं लांबलचक कधी लिहिलं नाहीत."

 मी चहा ढवळत बसलो, आणि मला साखर बंद आहे.

झालं ते असं. तिला शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या असतात, म्हणून ती सकाळी कॉम्प्युटर लावते. लावला की प्रोग्रॅम आपोआप उघडतो आणि पेटीतलं सगळं घरी नेतो. मी तुला इथून लिहिलं, त्याने ते तिकडे नेलं. मला हसूही आलं आणि थकल्यासारखंही झालं. पत्र टाकायचं आणि आपल्याच घरच्यांनी ते पेटीतून काढून न्यायचं.

कारकुनाने एक तोड सांगितली होती. प्रोग्रॅममध्ये कुठेतरी एक चौकोन असतो, 'सर्व्हरवर प्रत ठेवा' असा. त्यात खूण केली की घरीही येतं आणि पेटीतही राहतं. मी तुझ्या वहिनीला फोनवरून सांगायला लागलो.

"वरच्या पट्टीत जा. अकाउंटचं काहीतरी असेल. त्यात आणखी आत."

"आत गेले. इथे चौकोन ढीगभर आहेत. कशात टिचकी मारू?"

"ज्याच्यापुढे तसं लिहिलंय त्याच्यात."

"सगळं इंग्रजीत लिहिलंय, आणि चष्मा आईंच्या खोलीत राहिलाय. थांबा, एक खिडकी आली. काहीतरी विचारतेय. हो म्हणू?"

"नको! काहीच म्हणू नकोस."

"मग ती जाईना. माझ्याकडे बघत बसलीय."

शेवटी तीच म्हणाली, "ते चौकोन तुम्ही आल्यावर बघा. मी इंटरनेटची वायरच काढून ठेवते. प्रश्नपत्रिकेला काही नेट लागत नाही. मग कसं गिळेल?"

वायर काढली आहे. त्यामुळे हे पत्र पेटीत राहील. पहिलं तिच्याकडे आहे. घरी गेलो की पुन्हा पाठवीन.

तू महिन्यातून एकदा तिला फोन करतोस हे मला ठाऊक आहे. आईची चौकशी करतोस. ती विचारते, "दादांना देऊ का?" मग ती थोडी थांबते आणि म्हणते, "बरं, राहू दे." तेवढ्यात मी अंगणात गेलेला असतो. मी आज तिला म्हणालो, या वेळी फोन आला की त्याला सगळं समजावून सांग. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, तुम्ही शिकवून पाठवलंय. तुमच्या दोघांच्या पेटीचं तुम्ही दोघं बघा."

बरोबर आहे तिचं. पण मला राग आला होता.

दादा


२० नोव्हेंबर
घर

पासंग्या,

घरी आलो. चौकोनात खूण केली, वायर लावली. पहिलं पत्र याच्यासोबत पुन्हा पाठवतोय. आधी ते वाच.

कॉम्प्युटर हल्ली टकटक आवाज करतो, म्हणून दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. बाई कसली, पोरच आहे. पाठीला पिशवी आणि तोंडात सारखी लवंग. तिने कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाली, "काका, हे डबडं आता जायला टेकलंय. तो प्रोग्रॅम काढून टाका आणि वेबमेल वापरा. घरी काय, बाहेर काय, कुठेही उघडा. तुम्ही फिरतीवरची माणसं."

"आणि नेट गेलं तर?"

"तर नका वाचू. एक दिवस मेल नाही वाचली तर कुणाचं काय अडतं?"

म्हणून मग तिला आपली गोष्ट सांगितली. नाव-गाव न सांगता सांगणार होतो, पण सांगताना 'माझा भाऊ' असंच तोंडातून आलं. ती पिशवीची चेन उघड-बंद करत ऐकत होती. मग म्हणाली, "अजून एक रस्ता आहे. प्रोग्रॅमची रीत बदलते. मग तो मेल उचलून आणणार नाही, तिथल्या तिथे दाखवेल. इथे दिसेल तेच तुमच्या भावाला दिसेल. आणि इथे जे जुनं साठलंय ना, तेही ओढून परत वर चढवता येतं. आलेलं, पाठवलेलं, सगळं."

"तारखेसकट?"

"तारखेसकट. आली तेव्हाची तारीख तशीच राहते."

मी म्हणालो, बघू. पुढच्या खेपेला. ती म्हणाली, "डबडं थांबेल तोवर, नाही तर नाही," आणि गेली.

मी 'बघू' का म्हणालो ते आज लिहीत नाही.

मला त्या प्रोग्रॅमची सवय आहे एवढं मात्र खरं. गावच्या शाळेत होतो तेव्हा पोस्टमन सगळ्या वस्तीची पत्रं गुरुजींच्या टेबलावर ठेवून जायचा. शाळा सुटली की गुरुजी ती आम्हाला वाटायला द्यायचे. ज्याचं पत्र त्याच्या हातात द्यायचं, दारात टाकून यायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. पत्र घरात पोचलं की ते त्या घराचं झालं. प्रोग्रॅममध्ये मेल उतरली की मला तसं वाटतं, पोचली. ब्राउझरमध्ये मात्र दुसऱ्याच्या खिडकीतून आपलं पत्र वाचल्यासारखं वाटतं. बाहेर असलो की ते चालतं. घरी बसून तसं वाचायला मन घेत नाही. पण एकाच्या घरात पोचलेलं पत्र दुसऱ्याचं हरवलेलं असेल तर काय करायचं, हे गुरुजींनी शिकवलं नव्हतं. तेव्हा दोन घरांचा एक पत्ता कुणाचा नसे.

आईला आता कमी ऐकू येतं. संध्याकाळी मी हात जोडून बसतो तेव्हा ती मागे येऊन बसते. आणि मी उठलो की न चुकता विचारते, "धाकट्याचं काही आलं का?" आज मी तिला मोठ्याने सांगितलं की आमची दोघांची पत्रं एकाच पेटीत येतात, त्यातून घोटाळा झाला. तिने कानाशी धरलेला हात काढला. मग म्हणाली, "एकाच पेटीत येतात ना? मग बोलणं बंद कसं राहिलं तुमचं?"

तुझं नाव बाबांनी का ठेवलं ते तिने आज पुन्हा सांगितलं. तू जन्मलास तेव्हा इतका लहान होतास की बाबा म्हणाले, हा पासंग आहे. तराजूची पारडी समान नसली की हलक्या बाजूला बांधतात तो एवढासा तुकडा. "दिसायला काही नाही, पण तो सोडला तर सगळं माप खोटं." आई हे सांगताना दर वेळी चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करते. तुला आठवत असेल.

दादा


२८ नोव्हेंबर
शीतगृहाच्या कामावर

पासंग्या,

इथे बटाट्यांची पोती मोजणारे काटे आहेत. थंडीत त्यांचा शून्य हलतो. पाच दिवस त्यांच्यापाठी आहे, अंगात गारठा भरला आहे. दुपारी इथल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पेटी उघडतो. मी आत काही उघडत नाही, फक्त यादी बघतो. न उघडलेली मेल जाड अक्षरांत दिसते, उघडली की बारीक होते. माझी पत्रं सगळी जाड होती. रोज बघायचो, रोज जाड. धूळ खाणाऱ्या पोत्यांसारखी वाटायची.

काल एक बारीक झालं होतं. पहिलं.

मी घरी फोन करून विचारलं, तू उघडलंस का. तुझी वहिनी म्हणाली, "मी कशाला? आणि मी इथे उघडलं तरी तिकडे फरक पडत नाही, असं ती लवंगवाली सांगून गेलीय." मग म्हणाली, "परवा भावोजींचा फोन आला होता."

"काय म्हणालीस तू त्याला?"

"काही नाही. म्हटलं, जुनी पेटी अधूनमधून उघडत जा. बंद राहिली की कुबट वास येतो."

आज बघितलं तर तिन्ही बारीक. आणि खाली एक नवी मेल. आपल्याच पत्त्यावरून आपल्यालाच.

'ती मेल कधी आली होती, ती तारीख मला माझ्या डोळ्यांनी बघायची आहे.'

एवढंच. वर 'दादा' नाही, खाली नाव नाही. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. शीतगृहाचा मॅनेजर म्हणाला, "काही वाईट बातमी?" मी म्हणालो, "नाही, भावाची मेल आहे." किती काळाने हे वाक्य माझ्या तोंडातून आलं.

तू मागतोस ते रास्त आहे. नुसतं पत्रात कुणीही काहीही लिहील. आपल्या धंद्यात आपणच शिकलो आहोत, काटा बरोबर आहे असं काट्याच्या मालकाने सांगून चालत नाही. ती मेल मी तुला नुसती पुढे पाठवली तर तिच्यावर आजची तारीख पडेल. म्हणजे ती वर चढवायलाच हवी.

उद्या इथलं संपेल. घरी जातो.

दादा


३ डिसेंबर
घर, सकाळ

पासंग्या,

अजून चढवलेली नाही. रागावू नकोस. रागावलास तरी वाच.

त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "एकच मेल हवी असेल तर एकच चढवते, पाच मिनिटांचं काम." तुझी वहिनीही म्हणाली, भावोजींनी एकच मागितलीय, एकच द्या. दोघींचं ऐकून मी काल प्रोग्रॅम उघडून बसलो. डेअरीची मेल सापडली. तारीख आहे, वार आहे, पहाटेची वेळ आहे. तिच्याआधीची आणि नंतरची मेलही आहे. मग वाटलं, तू ही एकटी मेल बघशील. हजारांतून मी निवडून दिलेली. तुला वाटेल, दादाने हवी ती वर दिली आणि बाकीची परत स्वतःकडे ठेवली. आणि ते खरंच असेल.

म्हणून म्हटलं, सगळंच चढवावं. आणि तिथे अडलो.

'पाठवलेल्या'मध्ये मी मामांना लिहिलेली एक मेल आहे. तुझ्या फोननंतर लगेचची. बाईंना 'बघू' म्हणालो होतो ते हिच्याच धास्तीने, शब्द मात्र विसरलो होतो. काल समोर आली. त्या दिवशी मी लबाड ठरलो होतो, का ठरलो ते मला कळत नव्हतं, आणि मी मामांना लिहिलं. तुझ्याबद्दल. मामा आता नाहीत, त्यांचा पत्ताही बंद झाला. ती मेल आता जगात फक्त या टकटक करणाऱ्या डबड्यात आहे.

तुझ्या वहिनीने माझ्या खांद्यावरून वाचली.  मग म्हणाली, "ही पुसून टाका आणि मग बाकीचं चढवा. कोण मोजायला येतंय?"

"पासंग्याला तारीख बघायची आहे. हीसुद्धा त्याच दिवसांतली आहे."

"त्यांनी ही मागितलेली नाही. ही वाचून ते कायमचे तुटले तर? आईंना काय सांगाल मग, संध्याकाळी?"

  इतक्या काळाने तू एक ओळ लिहिलीस, आणि त्या ओळीचं उत्तर देतानाच तुला कायमचा गमावीन अशी मला भीती वाटते. पुसण्याच्या बटणावर बाण नेऊन ठेवला होता. बोटाला काहीच श्रम नव्हते.

आज सकाळी नाव घ्यायला बसलो. देवाला मी असलं काही विचारत नाही. त्याला मोठी कामं आहेत. त्याच्यासमोर बसून मी मलाच विचारतो, एवढाच माझा नेम. आज विचारलं तर बाबांचा आवाज आठवला. काटा तपासताना आपण नकळत माल ठेवायच्या पलाट्यावर रेलायचो आणि ते ओरडायचे, "हात मागे! तू वजन नाहीस!"

बाईंना परवा बोलावलं आहे.

दादा


५ डिसेंबर
घर, संध्याकाळ

पासंग्या,

बाई दुपारी आल्या. त्यांनी प्रोग्रॅमची रीत बदलली आणि विचारलं, "कुठलं कुठलं चढवायचं?"

"सगळं."

"निवडून घ्या एकदा. जुन्यात काय काय असतं, काका. माझ्या वडिलांचं चढवलं तेव्हा घरात आठवडाभर कुणी कुणाशी बोललं नाही."

"सगळंच."

त्यांनी तुझ्या वहिनीकडे बघितलं. तुझी वहिनी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आत निघून गेली. मग बाईंनी सगळं धरलं, वर ओढलं आणि सोडलं. पडद्यावर एक पट्टी आली आणि डावीकडून भरायला लागली. डबडं टकटक करत होतं. मी उठलो आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

"बसा की काका. वेळ लागेल."

"असू दे. आम्ही असेच उभे राहतो."

आई दाराशी येऊन उभी राहिली होती. "काय चाललंय?" तिने विचारलं. बाई मोठ्याने म्हणाल्या, "आजी, यांच्या भावाकडे सामान पाठवतोय." आईला सामान एवढंच ऐकू गेलं. ती म्हणाली, "मग त्याची जाड चादर पण घाला. तिकडे थंडी असेल." बाई हसता हसता लवंग गिळून बसल्या.

पट्टी भरली. मी ब्राउझर उघडायला सांगितलं. पेटी भरून वाहत होती. बाबांच्या हयातीतली पत्रं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, तू पहिल्या बिऱ्हाडाचे पाठवलेले फोटो. डेअरीची मेल आपल्या जागी आहे, आपल्या तारखेला. तिच्यावरची वेळ बघ. त्या दिवशी मी कॉम्प्युटर केव्हा लावला ते त्या सकाळी मी पाठवलेल्या मेलींवरून तुला कळेल. तू उठायच्या आत ती इथे उतरली होती.

आणि 'पाठवलेल्या'त मामांना लिहिलेलीही आहे, तिच्या जागी. शोधायला नको म्हणून सांगतो. त्यात एक वाक्य आहे, 'तो माझ्या पासंगालाही पुरणार नाही.' बाबांनी ज्या मायेने तुला ते नाव दिलं, त्याच नावाने मी तुला मामांकडे कमी करून दाखवलं. त्या वेळी लिहिताना मला ते कळलंसुद्धा नव्हतं, हाताला लागला तो शब्द वापरला. आता कळलं. वाच, आणि मग तुला वाटेल ते कर. फोन उचलला नाहीस तरी आईची चौकशी बंद करू नकोस, एवढंच मागतो.

शेवटी बाईंनी विचारलं, "आता इथलं काय करू? प्रोग्रॅम ठेवू? एक प्रत इथे राहिली तर बरं, सुरक्षित."

क्षणभर वाटलं, राहू दे. घरात एक असावं.

"नको," मी म्हणालो. "प्रोग्रॅम काढा. इथलं सगळं पुसा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी पुसलं. यंत्र बंद केलं तेव्हा टकटकही थांबली. आई विचारत होती, गेलं का सामान. मी म्हणालो, गेलं.

घरी असो की बाहेर, यापुढे मीही तुझ्यासारखाच खिडकीतून बघणार. जे आहे ते पेटीत आहे, तुला दिसतं तेवढंच मला दिसतं. तू पुन्हा कधी काही विचारलंस, तर 'माझ्याकडे आहे' असं म्हणायला या घरात आता काही उरलेलं नाही.

दादा